पोकरमध्ये अंदाज की हिशेब? निर्णयाचा क्रम कसा लावायचा

समोरच्याने बेट लावली की बहुतेक जण आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघतात, ‘हा थापा मारतोय’ असं मनाशी पक्कं करतात आणि मग त्या निर्णयाला साजेसा आकडा शोधतात. फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) लागायची शक्यता ३५ टक्के आहे असं स्वतःला सांगून कॉल करतात, म्हणजे त्याच्या बेटइतक्या चिप्स टाकतात. पुढच्या एका पानापुरती ती असते १९ टक्के. अंदाज बांधणं चुकीचं नाही. तो हिशेबाच्या आधी बांधला जातो, हे चुकतं. आधी हिशेब पूर्ण झाला असेल, तर अंदाजाला त्यात नेमकी जागा मिळते. किती जागा मिळते, हेही मोजता येतं.

इथे सगळं टेक्सास होल्डेम, नो-लिमिट (बेटला कमाल मर्यादा नाही) या प्रकारासाठी आहे. यात प्रत्येकाकडे दोन पानं असतात आणि मधे सगळ्यांसाठी पाच, त्यांना बोर्ड म्हणतात: आधी तीन (फ्लॉप), मग चौथं (टर्न), मग पाचवं (रिव्हर). उदाहरणं चिप्समध्ये आहेत. पैसे लावून ऑनलाइन खेळायच्या खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी नाही. गोव्यातले परवानाधारक कॅसिनो किंवा परदेशातली टेबलं सोडली, तर सराव बिनपैशाच्या चिप्सवरच करा. पद्धत तीच राहते.

टप्पा १: बसण्याआधी दोन तक्ते पाठ करा

पहिला तक्ता बेटच्या भावाचा. पॉट म्हणजे मधे जमलेल्या चिप्स. कॉल करून नुकसान होऊ नये यासाठी किमान किती वेळा जिंकायला हवं, ते तो सांगतो.

- पॉटच्या पाव बेट: १७ टक्के
- एक तृतीयांश: २० टक्के
- निम्मी: २५ टक्के
- दोन तृतीयांश: २९ टक्के
- पाऊण: ३० टक्के
- पॉटइतकी: ३३ टक्के
- पॉटच्या दुप्पट: ४० टक्के

सूत्र असं: तुम्हाला टाकायच्या चिप्स भागिले (आधीचा पॉट + त्याची बेट + तुमचा कॉल). इथे सर्रास होणारी चूक म्हणजे छेदात स्वतःचा कॉल धरायचा राहून जातो. पॉट ६००, बेट ३००. ३०० भागिले ९०० केलं की ३३ टक्के येतात आणि चांगले कॉल सोडून दिले जातात. बरोबर हिशेब ३०० भागिले १२००, म्हणजे २५ टक्के.

दुसरा तक्ता आउट्सचा. तुमचा हात सुधारणारी किती पानं गड्डीत उरली आहेत, त्यावरून शक्यता ठरते. पहिला आकडा फ्लॉपनंतरच्या एका पानाचा, दुसरा टर्न आणि रिव्हर मिळून दोन पानांचा.

- ४ आउट्स (मधलं एकच पान हवं असलेला स्ट्रेट, म्हणजे ओळीने पाच पानं): ९ / १६
- ६ आउट्स (दोन्ही पानं बोर्डापेक्षा मोठी): १३ / २४
- ८ आउट्स (दोन्ही टोकांनी उघडा स्ट्रेट): १७ / ३१
- ९ आउट्स (फ्लशला एक पान कमी): १९ / ३५
- १२ आउट्स: २६ / ४५
- १५ आउट्स (फ्लश आणि उघडा स्ट्रेट एकत्र): ३२ / ५४

झटपट मोजायचं तर एका पानासाठी आउट्सला दोनने गुणा, दोन पानांसाठी चारने. आठच्या वर गेल्यावर चारचा गुणाकार जास्त दाखवू लागतो: १५ आउट्सला तो ६० म्हणतो, खरा आकडा ५४ आहे.

इशारा: चारने गुणायचं ते फक्त ऑल-इन झाल्यावर, म्हणजे पुढे आणखी काही टाकावं लागणार नसेल तेव्हा. टर्नवर पुन्हा बेट येणार असेल, तर तुम्ही आत्ता एकाच पानाची किंमत मोजताय. ३५ टक्क्यांचा भ्रम इथूनच येतो. या खेळात सर्वांत जास्त चिप्स खाणारी चूक हीच, असं आमचं ठाम मत आहे.

तपासणी: कोणीही ‘पाऊण पॉट’ म्हटलं की ‘३०’ आणि ‘८ आउट्स’ म्हटलं की ‘१७, ३१’ हे दोन सेकंदांत तोंडातून यायला हवं. येत नसेल, तर टेबलावर हिशेब मागे पडेल आणि अंदाज एकटाच निर्णय घेईल.

टप्पा २: टेबलावरचा क्रम

प्रत्येक बेटला हाच क्रम, हात कितीही सोपा वाटला तरी:

१. पॉट किती आहे?
२. कॉलचा भाव किती टक्के?
३. माझा हात किती वेळा जिंकेल, निव्वळ पानांवरून?
४. या खेळाडूबद्दल मला काय वाटतंय, आणि कशावरून?
५. त्यामुळे तिसऱ्या क्रमांकाचा आकडा किती सरकतो?

पहिली तीन उत्तरं येईपर्यंत समोरच्याकडे बघू नका; बोर्ड आणि चिप्स बघा. एकदा चेहऱ्यावरून मत बनलं की आउट्स मोजतानाही मन त्या मताच्या बाजूने झुकतं. फोल्ड करावंसं (पानं टाकून द्यावीशी) वाटत असेल तर नऊची सात होतात आणि कॉल करावासा वाटत असेल तर अकरा.

पॉटची बेरीज फ्लॉपपासून मनात चालू ठेवा. रिव्हरला पहिल्यापासून मोजायला बसलात, तर गडबड होते आणि तुमची घालमेल टेबलाला दिसते.

टप्पा ३: आउट्स स्वच्छ करा

कागदावरचे सगळे आउट्स खरे नसतात. मोजल्यावर तीन चाळण्या लावा.

पहिली, दुहेरी मोजणी. फ्लश आणि उघडा स्ट्रेट दोन्ही येऊ शकत असतील तर ९ आणि ८ मिळून १७ होत नाहीत. दोन पानं दोन्हीकडे मोजली गेलेली असतात, म्हणून १५.

दुसरी, विषारी पानं. तुम्हाला स्ट्रेट हवा आहे आणि बोर्डावर दोन बदाम आहेत. तुमच्या आठ आउट्सपैकी दोन पानं तिसरं बदाम घेऊन येतात आणि समोरच्याचा फ्लश पूर्ण करू शकतात. सहाच धरा.

तिसरी, लागूनही हरायची भीती. बदामाच्या छक्की-पंजीने फ्लश लागला, तरी मोठ्या बदामवाल्यासमोर तो हरतो, आणि तोही नेमका सर्वांत मोठ्या पॉटमध्ये. एक्क्याचा फ्लश असेल तर ही चिंता जवळपास नसते.

आता एक हात पूर्ण मोजू. तुमच्याकडे बदाम एक्का आणि बदाम सत्ती. फ्लॉप: इस्पिक राजा, बदाम नव्वी, बदाम चौकी. पॉट ६००, त्याची बेट ३००. भाव २५ टक्के. फ्लशची शक्यता एका पानाला १९. उरलेले तीन एक्के समोर फक्त राजाची जोडी असेल तरच कामाचे, म्हणून निम्मे धरा. साडेदहा आउट्स, सुमारे २२ टक्के. तरीही भाव पूर्ण भरत नाही.

इथे प्रश्न येतो की फ्लश लागला तर पुढे किती मिळेल. फक्त नऊ आउट्स धरले तर ३८ वेळा ३०० जातात आणि ९ वेळा मिळकत होते. बरोबरीला येण्यासाठी दर वेळी सुमारे १२६७ मिळायला हवेत. पॉटमध्ये ९०० आहेत, म्हणजे पुढच्या बेटांमधून सरासरी ३६७ आणखी यायला हवेत. त्याच्यापुढे २०० चिप्स उरल्या असतील तर ते शक्यच नाही. २००० उरल्या असतील, तर तिसरं बदाम पडल्यावरही तो पैसे टाकेल का, हा खरा प्रश्न उरतो. अंदाजाची पहिली रास्त जागा ही. ‘फ्लश लागेल असं वाटतंय’ याला काही अर्थ नाही, गड्डीला तुमचं मन कळत नाही. ‘हा माणूस राजाची जोडी सोडत नाही’ याला अर्थ आहे.

लहान जोडीचंही तसंच. हातात जोडी असताना फ्लॉपवर तिसरं पान लागण्याची शक्यता १२ टक्क्यांहून थोडी कमी, साधारण साडेआठ वेळांत एकदा. म्हणून कॉलच्या किमान १५ पट चिप्स दोघांकडे असल्याशिवाय त्या आशेवर कॉल करू नका.

टप्पा ४: अंदाजाला वाक्यात बसवा

‘काहीतरी गडबड वाटतेय’ हा अंदाज म्हणून चालणार नाही. तो या साच्यात बसला पाहिजे: ‘हा खेळाडू अमुक परिस्थितीत अमुक करतो, कारण मी अमुक पाहिलंय.’ तिसरा भाग रिकामा राहिला, तर अंदाजाचं वजन शून्य धरा आणि टप्पा ३ च्या आकड्यावर निर्णय घ्या.

पुराव्यांचीही प्रत असते. आमच्या मते उतरता क्रम असा:

- उघडून दाखवलेले हात. रिव्हरला मोठी बेट लावून त्याने काय दाखवलं, हे सर्वांत भरवशाचं.
- बेटचा आकार. एरवी निम्मा पॉट लावणारा आज पूर्ण पॉट लावतोय, तर कारण शोधा.
- वेळ. लगेच कॉल म्हणजे बहुतेकदा मध्यम हात: रेझ करावं (बेट वाढवावी) की फोल्ड, हा प्रश्नच त्याला पडला नाही.
- हात थरथरणं, नजर, बोलणं. सर्वांत शेवटी. नवख्याचे हात चांगली पानं आल्यावरही थरथरतात.

आतल्या आवाजावर किती विसंबायचं, याबद्दल डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये एकत्र लिहून दोन अटी मांडल्या: परिस्थितीत नियमितपणा हवा आणि चुकलं-बरोबर आलं हे शिकायची पुरेशी संधी हवी. पोकरमध्ये दुसरी अट कच्ची असते. तुम्ही फोल्ड केलंत की समोरची पानं दिसतच नाहीत, आणि चुकीचा कॉलही नशिबाने जिंकतो. म्हणून वर्षानुवर्षं खेळूनही अंदाज आपोआप तयार होत नाही.

चेहरा वाचल्याशिवाय पोकर जिंकताच येत नाही, असं मानणाऱ्यांसाठी: २०१७ मध्ये लिब्रेटस या संगणक प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंना एकास एक सामन्यांत १,२०,००० हातांमध्ये हरवलं. तिला कोणाचा चेहरा दिसत नव्हता.

इशारा: मोठा पॉट हरल्यानंतरचा अंदाज हा अंदाज नसतो, तो वसुलीचा हट्ट असतो. पुढची वीस मिनिटं अंदाजाचं वजन शून्य ठेवा. झोप झालेली नसेल, दारू घेतली असेल, तरी तेच.

टप्पा ५: अंदाजाचा आकडा करा

समोरच्याकडे एकच एक हात आहे असं धरू नका. त्याच्याकडे असू शकणाऱ्या सगळ्या हातांच्या जुळण्या मोजा. कोणतीही जोडी ६ प्रकारे येते. तिचं एक पान बोर्डावर दिसत असेल तर ३ प्रकारे. एक्का-राजासारखी दोन वेगळी पानं १६ प्रकारे येतात, त्यातल्या ४ जुळण्या एकाच रंगाच्या.

उदाहरण रिव्हरचं. बोर्ड: इस्पिक राजा, बदाम नव्वी, बदाम चौकी, किलवर दुर्री, चौकट छक्की. तुमच्याकडे चौकट राजा आणि किलवर राणी. फ्लॉपआधी त्याने रेझ केलं होतं, फ्लॉप, टर्न आणि रिव्हर तिन्ही वेळा बेट लावली, आणि आता १००० च्या पॉटवर १००० लावलेत. भाव ३३ टक्के.

तुम्हाला हरवणारे हात, ज्यांनी तो असं खेळेल ते: एक्का-राजा. दोन राजे उरलेत, एक्के चार, म्हणजे ८ जुळण्या. नव्व्यांची जोडी ३. चौक्यांची ३. राजांची जोडी १. एकूण १५.

तुमच्याकडून हरणारे हात म्हणजे न लागलेले बदाम. हा खेळाडू ज्या बदामांनी रेझ करेल ते: एक्का-राणी, एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, एक्का-पंजी, राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, अठ्ठी-सत्ती. एकूण ८.

८ भागिले २३, जवळपास ३५ टक्के. भाव ३३. कॉल निसटता बसतो.

आता फक्त एक पान बदला. तुमची राणी किलवरची नसून बदामाची आहे. मग एक्का-राणी, राणी-गुलाम आणि राणी-दश्शी हे तीन बदामी हात त्याच्याकडे असूच शकत नाहीत. थापेच्या जुळण्या ५ उरतात. ५ भागिले २०, पंचवीस टक्के. फोल्ड. तुमची जोडी तीच, त्याची बेट तीच, त्याचा चेहराही तोच. तुमच्याच हातातल्या एका पानाच्या रंगाने निर्णय उलटला. ही गोष्ट नजर रोखून बसणाऱ्याला कधीच दिसत नाही.

अंदाज आता आत येतो, आणि तो जुळण्यांवरच लागू होतो. न लागलेल्या आठही हातांनी हा माणूस खरंच पॉटभर लावेल? निम्म्यांनीच लावत असेल तर ४ भागिले १९, एकवीस टक्के, फोल्ड. एक्क्यांच्या जोडीने तो रिव्हरला चेक करतो (बेट न लावता पुढे जातो), असं वर धरलं आहे. तो तीही लावत असेल तर ६ जुळण्या वाढून १५ च्या २१ होतात आणि ८ थापा असूनही शक्यता २८ टक्क्यांवर घसरते. म्हणजे कॉलसाठी ‘हा कधीकधी थापा मारतो’ एवढं पुरत नाही. ‘हा न लागलेल्या जवळपास प्रत्येक हाताने थाप मारतो’ असं ठामपणे म्हणता यायला हवं, आणि ते उघडलेल्या हातांवरून.

तपासणी: टेबलावर एवढं मोजता येत नसेल, तर निदान दोनच संख्या काढा: मला हरवणारे किती, न लागलेले किती. पॉटइतक्या बेटला न लागलेले हात हरवणाऱ्यांच्या निम्मे हवेत. निम्म्या पॉटच्या बेटला एक तृतीयांश पुरतात.

टप्पा ६: कोणाचं ऐकायचं, ते अंतरावरून ठरवा

तुमची शक्यता आणि भाव यांतलं अंतर काढा.

अंतर १० टक्क्यांहून जास्त असेल तर हिशेब अंतिम. कितीही तीव्र वाटलं तरी ऐकू नका. ४ आउट्सवर, ९ टक्के शक्यता असताना, पॉटइतक्या बेटला कॉल करायला लावणारा अंदाज अस्तित्वात नाही.

५ ते १० असेल तर अंदाजाने निर्णय बदलू शकतो, पण दोन वेगवेगळे पुरावे हवेत. बेटचा आकार आणि उघडलेला हात, असे दोन. एकाच हालचालीचे दोन अर्थ लावले तर ते दोन पुरावे होत नाहीत.

५ च्या आत असेल तर अंदाजाने खुशाल ठरवा. इथे चुकलात तरी तोटा छोटा असतो आणि वाचन अचूक असेल तर फायदा तिथेच आहे.

या मर्यादा म्हणजे कामचलाऊ नियम आहेत, सिद्धांत नव्हेत. सरावाने स्वतःच्या ठरवा, पण पाच-सहा महिन्यांच्या नोंदी हातात आल्याशिवाय सैल करू नका.

स्वतः थाप मारतानाही हीच शिस्त. निम्म्या पॉटची थाप ३३ टक्के वेळा चालली तरी बरोबरीत सुटते, पाऊण पॉटची ४३, पॉटइतकी ५०. ‘हा सोडेल’ असं वाटणं पुरेसं नाही. त्याच्या हातांपैकी किती तो सोडेल, ते मोजा. प्रत्येक जोडीला चिकटून बसणाऱ्यासमोर थाप मारायचीच नाही.

टप्पा ७: वहीत नोंद

टेबलावरून उठल्यावर लगेच लिहा. दुसऱ्या दिवशी आठवण स्वतःच्या बाजूने बदललेली असते. पाच रकाने पुरतात: भाव, हिशेबाने आलेली शक्यता, अंदाजाने सरकवलेली शक्यता, त्याचं कारण एका ओळीत, आणि पानं उघडली असल्यास काय निघालं. हात जिंकला की हरला, यासाठी रकाना ठेवू नका. तो ठेवला की निर्णयाऐवजी नशिबाचीच नोंद होते.

‘हा ७० टक्के थाप मारतोय’ असं म्हटलेल्या नोंदी वेगळ्या काढा. त्यांतल्या साधारण सत्तर टक्क्यांत थाप निघायला हवी. पाच-सहा नोंदींवरून काही ठरवू नका. पन्नासच्या आसपास जमल्यावर चित्र दिसू लागतं. एक अडचण लक्षात ठेवा: फोल्ड केलेले हात या यादीत येत नाहीत, त्यामुळे यादी तुमच्या कॉलबद्दल बोलते, फोल्डबद्दल नाही. फोल्ड तपासायचे तर त्या खेळाडूने पुढे दुसऱ्या कोणासमोर तशाच बेटवर काय उघडलं, ते टिपून ठेवा.

कारणांचा रकानाही चाळा. ‘चेहरा’, ‘नजर’ असं लिहिलेल्या नोंदी वेगळ्या आणि ‘बेटचा आकार’, ‘आधी उघडलेला हात’ अशा वेगळ्या. दोन गटांत अचूकता किती, ते पाहा. पहिला गट निम्म्यापेक्षा जास्त वेळा चुकत असेल, तर पुढच्या पन्नास नोंदींपर्यंत त्या प्रकारच्या अंदाजाने एकही टक्का सरकवायचा नाही.